पचमढीच्या गिटार शिबिराला यायचंय? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, "ताई, या वर्षी कधी आहे", "ताई, मला एफ कॉर्ड येत नाही, येऊ का" (कॉर्ड म्हणजे काही सूर एकत्र वाजवणं, एफ ची नवशिक्यांना अवघड जाते), आणि मी प्रत्येकाला वेगवेगळा व्हॉइस मेसेज पाठवत बसते. म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहून काढलं. मी शिकवणारी नाहीये. सुदामा नगरला राहते, चाळिशीत पहिल्यांदा गिटार हातात घेतली, शिबिराला गेली पाच वर्षं जातेय आणि इंदूरकडून येणाऱ्यांची नावं, तिकिटं, गाड्या हे सगळं मी बघते. त्यामुळे खाली जे आहे ते करून बघितलेलं आहे.

हे शिबिर आहे की फेस्टिवल?

दोन्ही. एकूण पाच दिवस. पहिले तीन दिवस पूर्ण शिकायचं, चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी क्लास आणि संध्याकाळी मोकळ्या आवारात वाजवायचं, त्याला आम्ही फेस्टिवल म्हणतो. अशा गोष्टी जगात मोठ्या प्रमाणावर होतात, अमेरिकेत मोन्टाना राज्यात बिगफोर्क म्हणून गाव आहे, तिथे फ्लॅटहेड तळ्याच्या काठी डोंगरांच्या सोबतीनं आठवडाभर दिवसा शिकायचं आणि रात्री मोठमोठ्या वादकांना ऐकायचं असं चालतं. आपल्याकडे अरुणाचलात झिरोच्या खोऱ्यात २०१२ पासून भातशेतांच्या कडेला संगीत महोत्सव भरतो. आमचं त्या मानानं अगदी घरगुती, चाळीसेक शिकणारे, चार-पाच शिकवणारे, सतरंज्या आणि शेवटच्या दोन संध्याकाळी गावातली, आजूबाजूच्या हॉटेलांतली जी माणसं येऊन बसतील ती.

पचमढीच का, इंदूरला काय हॉल मिळत नाही?

मिळतात की. पण इंदूरला घरी असलं की कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, ऑफिसचे फोन, गिटार सलग एक तास मांडीवर राहत नाही. पचमढीला राहते. साधारण १०६७ मीटर उंची आहे, म्हणजे इंदूरच्या जवळजवळ दुप्पट, हवा थंड, आजूबाजूला सालाचं जंगल, आणि हा सगळा भाग २००९ पासून युनेस्कोच्या बायोस्फिअरच्या यादीत आहे.

आणि दुसरं म्हणजे ही जागा आपल्या लोकांना परकी नाही. विदर्भातली माणसं पिढ्यानपिढ्या तिथे महादेवाला जातात, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा असते. माझं आजोळ अमरावतीकडचं, तिथल्या बायका महादेवाची गाणी म्हणत म्हणत डोंगर चढायच्या, आजी सांगायची की गाणं थांबलं की पाय दुखायला लागतात. मला तर तिथे गिटार घेऊन जाताना ते नेहमी आठवतं.

अजून एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, आपल्या लष्कराच्या बँडवाल्यांचं ट्रेनिंग पचमढीतच होतं, आर्मी एज्युकेशन कोरच्या सेंटरमध्ये मिलिटरी म्युझिक विंग आहे. म्हणजे वाद्य खांद्याला लावून फिरणारा माणूस त्या गावाला नवा नाही.

मला फक्त चारच कॉर्ड येतात, तेही अडखळत. येऊ का?

या. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला याचं उत्तर जरा लांब द्यावंसं वाटतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी गिटार खोलीचं दार लावून व्हिडिओ बघत शिकलीय. त्यात एक गोष्ट अजिबात शिकता येत नाही, ती म्हणजे दुसऱ्याबरोबर वाजवणं. एकट्यानं वाजवताना कॉर्ड बदलायला वेळ लागला तर आपण थांबतो, बोटं लावतो आणि मग पुढे जातो, आपल्याला वाटतं गाणं झालं. पण शेजारी अजून तिघं वाजवत असले की ते थांबत नाहीत ना, लय पुढे निघून जाते आणि आपण मागे. पहिल्या वर्षी माझं हेच झालं, दोन वर्षं घरी वाजवत होते, मला वाटायचं मला बरंच येतं, आणि पहिल्याच ग्रुपमध्ये मला दोन ओळीसुद्धा धड निभावता आल्या नाहीत, संध्याकाळी खोलीवर जाऊन रडले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की कॉर्ड चुकली तरी चालेल, उजवा हात थांबू द्यायचा नाही, डाव्या हातानं नुसती तार झाकून ठेवा पण उजवा हात वर-खाली चालू ठेवा. तेवढ्या एका गोष्टीनं चार दिवसांत जे झालं ते घरी दोन वर्षांत झालं नव्हतं.

मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना घेऊन बँड उभा केला होता, बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग नावाचं वाद्य बनवलं होतं. त्या मुलांना आधी कुठे काय येत होतं, एकत्र बसून वाजवतच तयार झाली. मैहर आपल्याच मध्य प्रदेशातलं.

तर चार कॉर्ड असतील, जी, सी, डी, ई मायनर, तर नवशिक्यांच्या ग्रुपला पुरेशा आहेत. एफ येत नसेल तर नसू दे. फक्त अगदी आजच गिटार विकत घेतलीय असं असेल तर यंदा थांबा, इंदूरलाच चार-सहा महिने कोणाकडे तरी बसून शिका.

वयाची अट?

दहा वर्षांच्या खालची मुलं नको, थंडीत त्यांचे हाल होतात आणि त्यांच्या मागे आई-बाबांचेही. वरती अट नाही. बँकेतून रिटायर झालेले एक काका त्र्याहत्तराव्या वर्षी आले होते, त्यांच्याइतकी शिस्तीत कोणी प्रॅक्टिस केली नाही.

मी डावखुरा आहे.

स्वतःची डावखुरी गिटार आणा, तिथे जास्तीची मिळणार नाही. बाकी काही फरक पडत नाही.

येण्याआधी काय तयारी करू?

रोज अर्धा तास, पण तुकड्या-तुकड्यात, सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा, रात्री दहा. बोटांची टोकं कडक व्हायला सलग दोन तास कुटून उपयोग होत नाही, कातडी सोलवटते आणि मग चार दिवस सुट्टी. तिथे दिवसाला पाच-सहा तास वाजवायचंय, तेव्हा निदान महिनाभर आधीपासून बोटांना सवय लावा, जे ऐकत नाहीत त्यांचं तिसऱ्या दिवशी बोटाला पट्टी लावून बसून राहणं ठरलेलं.

मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे लयीत ठोके देणारं ॲप, फुकट मिळतो, तो ६० वर लावा. ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, फार हळू वाटेल, मुद्दामच हळू. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा तालात किती सावकाश जायचे ते ऐकून बघा, दोन मात्रांच्या मधली जागा किती मोठी असते आणि ती सांभाळणं किती अवघड असतं ते कळेल. चार ठोक्यांना एक कॉर्ड, अशा सगळ्या बदलून बघा. नंतर एक मिनिटाचा टायमर लावून जी वरून सी वर किती वेळा स्वच्छ जाता येतं ते मोजा आणि तारखेसकट वहीत लिहा. महिन्याभरानं वही उघडली की स्वतःलाच बरं वाटतं.

एवढंच. नवीन गाणी पाठ करून येऊ नका, तिथे जी करायची ती तिथेच देतात.

कोणती गिटार आणू? नायलॉनची की स्टीलची?

जी आहे ती आणा. फक्त ती नक्की कोणती आहे ते ओळखून या, कारण यात लोक वाद्याचं नुकसान करून घेतात. क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात, मान रुंद असते, तार ब्रिजला, म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेल्या पट्टीला, गाठ मारून बांधलेली असते. आज जो आकार आपण बघतो तो साधारण स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिरानं १९व्या शतकात पक्का केला. स्टीलच्या तारांच्या गिटारला आपण अकूस्टिक म्हणतो, तिच्यात आतून इंग्रजी एक्ससारख्या पट्ट्या असतात, कारण ओढ खूप जास्त असते. सहा नायलॉन तारांची मिळून ओढ चाळीसेक किलो, स्टीलच्या लाइट सेटची सत्तरेक किलो. आता नायलॉनच्या गिटारला कोणी "आवाज खणखणीत येईल" म्हणून स्टीलच्या तारा चढवल्या की काही महिन्यांत ब्रिज उखडतो नाहीतर पोट फुगतं. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीची गिटार अशीच गेली, वडिलांनी वाढदिवसाला दिलेली होती, दुकानदाराला विचारलं नाही, स्वतःच तारा बदलल्या.

नवशिक्यांनी स्टीलची असेल तर १० नंबरचा, म्हणजे पातळ तारांचा, सेट लावून घ्या, १२ चा बोटांना कडक जातो.

इलेक्ट्रिक चालेल, पण अँप (तिचा स्पीकर) लहान आणा आणि दिवसा हेडफोन लावून वाजवायची तयारी ठेवा.

शिबिरासाठी नवीन, महागडी गिटार घेऊ का?

नको. नवीन वाद्याशी ओळख व्हायला दिवस लागतात. आहे तीच गिटार जाणकाराकडून सेट करून घ्या, बाराव्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे) तार आणि पडदा यांच्यात अडीच मिलिमीटरपेक्षा फार जास्त अंतर असेल तर वाजवताना जीव जातो, ते खाली करून मिळतं, आणि त्याला नव्या गिटारीच्या मानानं अगदीच कमी पैसे लागतात. अर्धे लोक "मला जमत नाही" म्हणून गिटार सोडतात तेव्हा खरं तर तारा उंच असतात एवढंच.

घ्यायचीच असेल तर एक गंमत सांगते. जगभरातल्या चांगल्या गिटारींची पाठ आणि बाजू ज्या लाकडाच्या असतात त्यातलं एक नावाजलेलं लाकूड म्हणजे आपला शिसवी. आजीच्या घरातलं शिसवी कपाट असतं ना, तेच. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा गिटारवाल्यांचे हाल झाले, मग २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अशी गिटार हातात आली तर पाठ वाजवून बघा, वेगळाच आवाज येतो.

सामानात काय काय घेऊ?

तारांचा एक जास्तीचा सेट (पहिली तार सगळ्यात आधी तुटते, तिच्या दोन घ्या), क्लिपवाला ट्यूनर, कॅपो (मानेवर लावायचा चिमटा, सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरतो), चार-पाच पिक (तार छेडायच्या चकत्या) कारण ते हरवतातच, एक वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण कॉर्ड खोडाव्या लागतात. गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा. कव्हर जाड हवं, पातळ रेक्झिनचं कव्हर घाटात काही कामाचं नाही. स्वतःसाठी स्वेटर, कानटोपी, बोटं उघडी राहतील असे हातमोजे, टॉर्च. पचमढी थंडीत मध्य प्रदेशातल्या सगळ्यात गार ठिकाणांपैकी, डिसेंबर-जानेवारीत पारा ५ च्याही खाली जातो हे पेपरात वाचलं असेलच. आपण त्याआधी जातो पण रात्री तरीही कडाक्याच्या असतात.

थंडीनं गिटार खराब होते का?

थंडीनं नाही, एकदम झालेल्या बदलानं होते. गिटारचं लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं, ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला सगळ्यात मानवते. फार कोरडं झालं की लाकूड आकसतं, चीर पडू शकते, पडद्यांच्या कडा हाताला टोचायला लागतात. फार ओलं झालं की फुगते, तारा उंच होतात, आवाज बसका येतो.

आता तिथे काय होतं, रात्री बाहेर वाजवून झालं की लोक खोलीत येतात आणि गिटार कव्हरमधून काढून हीटरच्या समोर ठेवतात. असं कधीच करू नका. आल्यावर बंद कव्हरमध्येच अर्धा तास राहू द्या, तिला हळूहळू खोलीच्या हवेत येऊ द्या. शेकोटीच्या जवळ बसायचं ते आपण, गिटार लांब.

आणि सूर हलणारच. थंडीत स्टीलची तार आकसते म्हणून सूर चढतो, मग आपण वाजवायला लागलो की हाताच्या उबेनं तार सैल पडते आणि सूर उतरतो. म्हणून बाहेर बसल्यावर लगेच ट्यून करू नका, पाच मिनिटं वाजवा, मग करा, आणि दोन गाण्यांनंतर परत बघा. यात लाजायचं काही नाही, तानपुरा लावायला गवई किती वेळ घेतात बघितलंय ना.

उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवायची नाही. मी एकदा भोपाळला जेवायला थांबले तेव्हा गाडीत ठेवली होती, नोव्हेंबरचं ऊन काय करणार म्हणून, तासाभरानं आले तर ब्रिजची एक कड उचललेली होती. डिंक उष्णतेनं मऊ होतो आणि वरून तारांची ओढ चालूच असते. दुरुस्त झाली, पण ती रेघ अजून दिसते.

इंदूरहून कसं जायचं?

ट्रेननं पिपरिया, तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर रस्ता, शेवटी घाट. इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि भोपाळ, इटारसी करत रात्रीतच पिपरियाला सोडते, अलार्म लावून झोपा, दरवर्षी कोणीतरी थेट जबलपूरला जातं. पिपरियाला जीप, बस असतात, आमच्या ग्रुपसाठी गाड्या आधीच ठरवलेल्या असतात.

रोडनं साधारण ४०० किलोमीटर, भोपाळ, नर्मदापुरम, सोहागपूर, पिपरिया, मटकुली. पहाटे निघा. नर्मदेवर पाच मिनिटं थांबा. मटकुलीनंतर वळणं सुरू होतात, ज्यांना गाडी लागते त्यांनी आधीच गोळी घ्या, आणि घाटात अंधार पडू देऊ नका.

ट्रेनमध्ये गिटार कुठे ठेवायची?

वरचा बर्थ मागून घ्या आणि गिटार भिंतीच्या बाजूला, आपण बाहेरच्या बाजूला झोपायचं. सीटखाली सरकवू नका, रात्री कोणी ट्रंक ढकलली की संपलं. तारा एक-दोन फेऱ्या सैल करा, पूर्ण काढायची गरज नाही. डब्यातले लोक "काहीतरी वाजवा ना" म्हणतात, वाजवा दोन गाणी दहाच्या आत, छान वाटतं त्यांना.

दिवसभर काय चालतं?

सकाळी सातला चहा आणि बोटांचे व्यायाम, नऊला पोहे (इंदूरचे जास्त असल्यामुळे जिरावण मसाला आणि सेव आम्ही घरूनच नेतो, त्याशिवाय पोहे खाल्ल्यासारखं वाटत नाही), दहा ते एक मुख्य क्लास. जेवण साधं, वरण-भात-पोळी-भाजी. दुपारी तीनपर्यंत सुट्टी, झोपा नाहीतर फिरा. तीन ते पाच लहान ग्रुप, म्हणजे चार-चार जण एकत्र बसून एकच गाणं बसवतात, मला विचाराल तर अख्ख्या शिबिराचा जीव या दोन तासांत आहे. रात्री जेवणानंतर ज्याला वाटेल त्यानं वाजवायचं.

मी कोणता क्लास निवडू?

नवशिके असाल तर रिदम, म्हणजे कॉर्ड धरून ठेका, विचार करू नका. वर्ष-दोन वर्षं झाली असतील आणि एकट्यानं गाण्याची धून आणि कॉर्ड दोन्ही वाजवायचे असतील तर फिंगरस्टाइल, त्यात अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो आणि बाकीची तीन बोटं वरची धून, पहिले दोन दिवस अंगठा ऐकत नाही, तिसऱ्या दिवशी ऐकतो.

तिसरा क्लास स्लाइडचा, गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी दांडीनं वाजवायची. ज्यांच्या कानावर शास्त्रीय संगीत आहे त्यांनी हा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पडद्याच्या गिटारवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, खेचून खेचून थोडीच काढता येते, स्लाइडवर सूर गळ्यासारखा वाहतो. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी यावर राग वाजवून दाखवले, ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. पुढे पं. विश्वमोहन भट्टांनी गिटारला जास्तीच्या तारा लावून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये राय कूडर यांच्याबरोबर त्यांना ग्रॅमी मिळालं, ते रविशंकरांचे शिष्य. अली अकबर अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे मुलगे आणि रविशंकर त्यांचे शिष्य, म्हणजे दोघांचीही नाळ मैहरशी. परदेशी वाद्य म्हणून नाक मुरडणाऱ्या घरच्या मंडळींना हे नक्की सांगा.

मराठी गाणी वाजवता येतील का?

हा माझ्या आवडीचा विषय. येतील, आणि आम्ही मुद्दाम वाजवतोच, कारण सगळीकडे इंग्रजी आणि हिंदी गाण्यांचेच व्हिडिओ आहेत.

पहिली अडचण पट्टीची. आपल्याकडे गाणारी माणसं "काळी चार" (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हणतात आणि गिटारवाला बघत राहतो. तर हे वहीत लिहून ठेवा. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक हवी असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी च्या कॉर्ड वाजवा. काळी दोन, पहिल्या पडद्यावर कॅपो आणि डी च्या कॉर्ड. पांढरी चार म्हणजे एफ, ज्याला सगळे घाबरतात, पहिल्या पडद्यावर कॅपो आणि ई च्या कॉर्ड, किंवा तिसऱ्यावर कॅपो आणि डी च्या. काळी चार, पहिल्यावर कॅपो आणि जी च्या. काळी पाच, तिसऱ्यावर कॅपो आणि जी च्याच. बस, एवढ्यात घरातली सगळी गाणारी माणसं येतात.

दुसरी अडचण ठेक्याची. व्हिडिओत शिकवतात तो स्ट्रम, म्हणजे तारांवरून हात वर-खाली फिरवायचा नमुना, चाराचा असतो, केरव्याला चालतो, पण भावगीतं कितीतरी दादऱ्यात आहेत, सहा मात्रा, तिथे चाराचा स्ट्रम लावला की गाणं लंगडं होतं. खाली-वर-खाली वर-खाली-वर असा सहाचा हात बसवा, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जरा वजन द्या. अभंगाला भजनी ठेका, आठ मात्रा, तिथे उजव्या हाताच्या तळव्यानं तारा हलक्या दाबून वाजवलं तर मृदुंगासारखी थाप येते, गेल्या वर्षी शेवटच्या संध्याकाळी असा एक अभंग झाला, बारा गिटारी आणि टाळ, ऐकायला आलेली गावातली एक आजी उठून उभी राहिली होती.

तिसरी गोष्ट कॉर्डची. रागातल्या चालीला कुठलीही कॉर्ड चिकटवू नका, रागात नसलेला सूर कॉर्डमधून डोकावतो आणि कानाला खटकतं. यमन असेल आणि सी षड्ज असेल तर तीव्र मध्यम म्हणजे एफ शार्प, म्हणून एफची कॉर्ड चालणार नाही, डी मेजर चालेल. भैरवी गिटारवर ई पासून घ्या, मग ई मायनर, एफ, जी, ए मायनर, सी, डी मायनर सगळं बसतं, आणि ई मायनरवरून एफवर गेलात की कोमल रिषभ असा काही लागतो की बस. जिथे खात्री नसेल तिथे कॉर्डच वाजवू नका, नुसता सा-प छेडा, तेच जास्त शोभतं.

फिरायला वेळ मिळतो का?

दुपारी थोडा, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे मिळून धूपगढला सूर्यास्त बघायला. १३५२ मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. जंगलाच्या भागात परवाना आणि तिथल्याच जिप्सी लागतात, ते आम्ही बघतो. पांडव गुंफा जवळ आहेत, चालत जाता येतं. माकडं आहेत, हातात खायचं काही ठेवू नका, आणि गिटार तर उघड्यावर सोडूच नका. चौरागड चढायचा असेल तर शिबिर संपल्यावर एक दिवस जास्त ठेवा, पाय दुखतात आणि दुसऱ्या दिवशी क्लासला बसवत नाही.

स्टेजवर वाजवावंच लागतं का? मला भीती वाटते.

जबरदस्ती नाही. पण एकट्यानं कोणालाच बसवत नाहीत, दुपारच्या ग्रुपमधले चौघं एकत्र बसतात, आणि चौघांत एकाचा हात थांबला तरी बाकीचे तीन गाणं पुढे नेतात. मी पहिल्या वर्षी मागे बसून फक्त दोन कॉर्ड वाजवल्या, अख्ख्या गाण्यात. तरी खाली उतरले तेव्हा हात थरथरत होते आणि खूप आनंद झाला होता.

माइक आणि स्पीकर रात्री १० ला बंद, तो कायदाच आहे आणि शेजारी जंगल आहे हेही आहे. त्यानंतर नुसत्या गिटारी. खरं ऐकणं दहानंतर होतं.

घरचे नुसते ऐकायला आले तर?

शेवटच्या दोन संध्याकाळी आनंदानं. राहायची सोय मात्र स्वतः करावी लागेल. क्लासमध्ये मागे बसून "अगं हे चुकलं" असं सांगणारे नवरे, बायका, आई-वडील नकोत, शिकणारा माणूस आवळून जातो.

रेकॉर्डिंग केलं तर चालेल?

शिकवणाऱ्यांना विचारून. क्लासचं केलं तर स्वतःपुरतं ठेवा, दुसऱ्या शिकणाऱ्याची चूक कुठेही टाकू नका. नेटवर्क कधी असतं कधी नसतं, घरी सांगून या म्हणजे काळजी करत बसणार नाहीत.

फी किती आणि रद्द केलं तर?

राहणं, दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि क्लास मिळून एकच फी असते, जागेच्या भाड्यावर दरवर्षी ठरते, ती नाव नोंदवताना सांगते. कॉलेजात शिकणाऱ्यांना अर्धी. पैशांमुळे अडत असेल तर मला एकदा फोन करा, बाकी कोणाला कळत नाही. दहा दिवस आधी सांगितलं तर पैसे परत, नंतर नाही, कारण तोपर्यंत खोल्यांचे पैसे भरलेले असतात.

परत आल्यावर काय?

परत आल्यावर आठवडाभर सगळे वाजवतात आणि मग गिटार कपाटावर जाते, हे मी बघितलंय. म्हणून ज्या चौघांचा ग्रुप झाला त्यातले इंदूरचे आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या घरी भेटतो, संध्याकाळी पाचला, गच्चीवर. शिबिराला न आलेलेही चालतात. येताना कॅपो आणा, माझ्याकडे एकच आहे आणि गाणारी जी काकू येते तिची पट्टी काळी चार.